ग्लेंडा जॅक्सननं संसदेत जायला नको होतं

केतकी_रंगपीठ: माझं मत ठाम आहे. ब्रिटिश नटी ग्लेंडा जॅक्सन, इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या गवंड्याची ही मुलगी, औषधांच्या दुकानात नोकरी करून लंडनच्या 'राडा' नाट्यशाळेत पोचली. दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या 'मारा/साद' नाटकात (1964) तिची शार्लोट कॉर्डे, म्हणजे फ्रेंच क्रांतिकारक माराचा खून करणारी तरुणी, चाबकाऐवजी स्वतःच्या मोकळ्या केसांनी लेखक मार्की द सादच्या पाठीवर फटके ओढते! 'एलिझाबेथ आर' या टीव्ही मालिकेसाठी (1971) तिनं कपाळावरचे केस खरोखर भादरून घेतले आणि कोवळ्या राजकन्येपासून जख्ख म्हाताऱ्या राणीपर्यंत सगळं आयुष्य एकटीनं पेललं. 'विमेन इन लव्ह' आणि 'अ टच ऑफ क्लास' या चित्रपटांसाठी दोन ऑस्कर. अशी बाई 1992 मध्ये मजूर पक्षाची खासदार होते आणि 23 वर्षं अभिनयाकडे पाठ फिरवते. बदल्यात काय मिळालं, तर वाहतूक खात्यात जेमतेम दोन वर्षं कनिष्ठ मंत्रिपद. ते काम दुसरं कोणीही केलं असतं. ब्रेख्तच्या नाटकातली तिची 'मदर करेज' दुसरी कोण करणार होती?

दत्ता पी.: अजिबात पटलं नाही. खासदारकी काय मंत्रिपदावरून मोजायची? इराक युद्धाच्या वेळी ती स्वतःच्याच सरकारच्या विरोधात उभी राहिली. 2010 मध्ये अवघ्या 42 मतांनी निवडून आली, म्हणजे मतदारसंघ काही आंदण मिळालेला नव्हता. आणि पन्नाशी उलटलेल्या नटीला तेव्हा भूमिका कसल्या मिळत होत्या? कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू. नाटककार बायकांसाठी लिहीतच नाहीत, ही तिची जुनी तक्रार होती.

सुमेधा_वाचते: दत्ता, माजी पंतप्रधान थॅचरबाई गेल्यावरचं तिचं भाषण राहिलं की! एप्रिल 2013, सभागृहात श्रद्धांजली चाललेली, समोरून आरडाओरडा, आणि ही शांतपणे सांगतेय की थॅचर राजवटीत माझ्या भागातल्या शाळांच्या भिंतींचा गिलावा मुलांच्या चित्रांनी आणि सेलोटेपनं धरून ठेवला होता. श्रद्धांजलीच्या दिवशी हे बोलायला छाती लागते.

केतकी_रंगपीठ: भाषण मीही पाहिलंय, अंगावर काटा आला. पण आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, हे तिला रंगभूमीनंच शिकवलं ना? मग तो आवाज रंगभूमीला का मिळू नये?

दत्ता पी.: मिळाला की. 2015 ला खासदारकी सोडली आणि 2016 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात शेक्सपिअरचा किंग लिअर. तीन तासांहून लांब नाटक. 2018 ला 'थ्री टॉल विमेन' नाटकासाठी टोनी पुरस्कार. राज्य वाटून मोकळा झालेला आणि मग कुणी विचारेनासा झालेला म्हातारा तिनं केला, तो सत्ता जवळून बघून आल्यावर. ती 23 वर्षं त्या लिअरच्या तालमीचीच होती असं मी म्हणेन.

केतकी_रंगपीठ: सत्ता न बघताही लोकांनी उत्तम लिअर केलेत. 80 व्या वर्षी ती एवढं करू शकत होती, तर 60 व्या, 70 व्या वर्षी काय केलं असतं? जमाखर्चात ते कुठे धरायचं?

सुमेधा_वाचते: केतकी, तुझी हळहळ कळते, पण ती आपली, प्रेक्षकांची आहे. 2023 मध्ये ती गेली त्याच वर्षी मायकेल केनबरोबरचा 'द ग्रेट एस्केपर' हा तिचा चित्रपट आला. तो बघ आधी, मग भांडू.

केतकी_रंगपीठ: बघते. पण मत बदलणार नाही.