कढीपत्त्यावरची अळी: निरीक्षण, चित्र आणि लेखन एकाच वहीत कसं आणायचं?

शाळाबाग
सहावी-सातवीच्या २४ मुलांचा निसर्गगट चालवायचा आहे. शनिवारी दीड तास मिळतो. नववीतली काही मुलं ‘ताई-दादा’ म्हणून मदतीला येतील. अडचण अशी, की चित्र-कवितेचा तास घेतला की ‘रंगीबेरंगी फुलपाखरू, भिरभिरतं छान’ एवढंच येतं. पाय किती, पंख मिटतात कसे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. तक्ते भरायला दिले तर मुलं एकमेकांचे आकडे उतरवतात आणि वही कोरडी होते. दोन्ही गोष्टी एकमेकींतून याव्यात असं वाटतं. आवारात कढीपत्त्याची तीन झाडं आणि एक लिंबू आहे. ताई-दादांनी काय करायचं आणि काय टाळायचं, तेही सांगा. खर्च कमीत कमी हवा.

हिरवी फांदी
कढीपत्ता आणि लिंबू आहे म्हणजे विषय हातात आहे. जून ते ऑक्टोबर कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळी, गोल अंडी शोधा. लिंबाचं फुलपाखरू आणि कॉमन मॉर्मन नावाचं फुलपाखरू दोघंही याच झाडांवर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या दिसायला फार जवळच्या असतात. म्हणून मुलांना नाव आधी सांगू नका. नाव कळलं की बघणं थांबतं. इथे तर शेवटी कोण बाहेर येतंय यावरच उत्तर ठरतं.

मांडणी: एक-दीड लिटरची रुंद तोंडाची प्लास्टिक बरणी, वर मलमलचा कपडा आणि रबर, तळाला जुना कागद. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडते. एका बरणीत एकच अळी. हवाबंद झाकण लावलं की बाष्प साचतं, लेंड्यांवर बुरशी येते आणि अळी रोगाने मरते. त्यामुळे शनिवारची वाट न पाहता मधल्या सुट्टीत रोज दहा मिनिटं लागतात: कागद बदलायचा, पान ताजं करायचं, एक नोंद करायची. बाजारातला कढीपत्ता कधीही घालू नका. त्यावर कीटकनाशक राहिलेलं असेल तर अळ्या एका दिवसात जातात.

मोजायचं काय? लांबी: कागदाची पट्टी शेजारी धरून, हात न लावता. अंड्यातून निघताना अळी दोन-तीन मिलिमीटरची असते, शेवटी चाळीसच्या आसपास. त्याहून चांगलं माप म्हणजे खाल्लेलं पान. ताजं पान मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, दुसऱ्या दिवशी उरलेलं पान त्याच बाह्यरेषेत बसवून पुन्हा फिरवा आणि मधले चौकोन मोजा. एक पान बरणीबाहेर, तशाच पाण्यात, अळीशिवाय ठेवायला विसरू नका. पान सुकूनही आक्रसतं; तेवढं वजा केलं नाही तर न खाल्लेलंही खाल्लं म्हणून मोजलं जातं. आकडे उतरवायची सवय इथे आपोआप मोडते, कारण प्रत्येकाचं पान वेगळं असतं.

अळी पाच टप्प्यांत वाढते, मधे चार वेळा कात टाकते. सुरुवातीचे टप्पे तपकिरी-पांढरे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे, शेवटचा हिरवा. कात टाकण्याआधी ती बराच वेळ हलत नाही. मुलांना वाटतं मेली, आणि ती काडीने डिवचतात. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी किंवा लाल शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ते पाहायला मिळालं तर नोंदवावं, मुद्दाम काढायला लावू नये.

कोरा कागद
चित्राच्या बाजूने. साहित्य: एचबी पेन्सिल, २०० जीएसएमचा (जाडसर) कागद, ६ आणि २ नंबरचे गोल ब्रश, आणि तीनच रंग: लेमन यलो, क्रिमझन, प्रशियन ब्लू. तयार हिरवा घेऊ नका. सगळ्यांच्या अळ्या एकाच हिरव्या होतात आणि त्या हिरव्यात किती पिवळं आहे हे बघायची गरजच उरत नाही. पिवळ्यात निळ्याचा थेंब, मग लालाचं टोक. वहीच्या कडेला तीन-चार छटा लावून त्या पानाशेजारी धरून बघायच्या, जुळेल ती घ्यायची. कोवळ्या अळीच्या अंगावरचे पांढरे पट्टे रंगवायचे नाहीत, कागदच कोरा सोडायचा. त्यासाठी पांढरा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे आधी पक्कं ठरवावं लागतं. जुलैत हवा दमट असल्याने रंग वाळत नाही आणि वहीची पानं चिकटतात. त्या महिन्यात रंगपेन्सिली वापरा.

क्रम असा ठेवा. आधी दोन मिनिटं नुसतं बघणं. मग कागदाकडे न बघता, नजर अळीच्या कडेने सरकवत एकच रेघ. ती वाकडीतिकडीच येते, पण पाठीचा उंचवटा आणि मागचा उतार हाताला कळतो. मग मुख्य चित्र, चौपट मोठं. चार सेंटीमीटरची रेघ काढून त्यावर ‘१ सेंमी’ लिहा. नुसतं ‘४ पट’ लिहिलं आणि चित्राची प्रत लहान काढली तर माप खोटं ठरतं. रेघ चित्राबरोबर लहान होते म्हणून खरी राहते. पाय मोजून काढायचे: पुढे टोकदार पायांच्या तीन जोड्या, मधे मांसल पायांच्या चार, शेवटी एक. बहुतेक मुलं अंगभर पाय काढतात, गोमेसारखे.

खोडरबर देऊ नका. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ काढायची.

मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने १६९९ मध्ये सुरिनामला जाऊन अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांचं खाद्यझाड एकाच पानावर रंगवलं. बरणीतली अळी एकटी काढण्यापेक्षा फांदी, कुरतडलेली कड आणि लेंड्यांसकट काढायला सांगा. तिथे विज्ञान आणि चित्र वेगळं करताच येत नाही.

ओळ आणि ओळख
लेखनासाठी मी वही अशी करते: डावं पान ‘कुणीही येऊन तपासू शकेल’ अशा नोंदींचं, उजवं पान ‘माझं’. ‘अळी घाबरली’ हे उजवीकडे. ‘मान मागे टाकली, शिंग काढलं, चार सेकंदांनी आत घेतलं’ हे डावीकडे. उजवीकडच्या प्रत्येक ओळीतून डावीकडच्या एका तरी नोंदीकडे बाण जायला हवा. बाण निघत नसेल तर ओळ खोडायची नाही; मुलाने दुसऱ्या दिवशी ती गोष्ट परत बघायची.

पहिला महिना ‘सुंदर’, ‘छान’, ‘रंगीबेरंगी’ बंद. त्याऐवजी फक्त क्रियापदं गोळा करायची: कुरतडते, सरकते, थबकते, डोकं डोलावते, अंग आखडते. वीस जमली की कविता सुरू करायची आणि त्यातच एक मोजलेला आकडा आणायचा. यमकाची सक्ती केलीत तर मुलं खरं सोडून जुळणारा शब्द घेतात.

हिरवी फांदी
डावं-उजवं पान चांगलं आहे, पण प्रश्न कुठे लिहायचे? ‘एक दिवस खाल्लं नाही, का?’ हा प्रश्न नोंदही नाही आणि कल्पनाही नाही. मी तळाला दोन बोटांची पट्टी सोडते, दोन्ही पानांवर, फक्त प्रश्नांसाठी. पुढच्या आठवड्याचं काम त्यातूनच निघतं.

ओळ आणि ओळख
मान्य. माझ्याकडे प्रश्न मागच्या पानावर जातात आणि हरवतात. पट्टी उत्तम.

सोबत
ताई-दादांबद्दल. सहा मुलांमागे एक, म्हणजे चार जण. सुरू करण्याआधी दोन आठवडे त्यांनी स्वतःची बरणी आणि वही चालवलेली असावी. नाहीतर ती पर्यवेक्षक होतात.

त्यांना तीनच प्रश्न द्या: ‘कुठे दिसलं, दाखव.’ ‘किती?’ ‘काल कसं होतं?’ चित्रावर ‘वा, मस्त’ म्हणायचं नाही, कारण मग मूल पुढचं चित्र वाहवा मिळवायला काढतं. ‘या रेघेवरून मला कळलं की पाठ इथे उंच आहे’ असं नेमकं सांगायचं. लहानाच्या कागदावर मोठ्याची पेन्सिल लागता कामा नये. काही दाखवायचंच असेल तर ते वेगळ्या चिठोऱ्यावर. प्रदर्शन जवळ आलं की हा नियम हमखास मोडतो, नववीची मुलं स्वतःच सुधारून देतात. म्हणून प्रदर्शनात खाडाखोडीसकट वहीच उघडी ठेवायची हे पहिल्या दिवशी जाहीर करा.

पुढे काय होणार हेही सांगायचं नाही. खाणं थांबलं, पातळ शी केली, अळी बरणीच्या कडांवर भटकू लागली, की लहानांना अंदाज तारखेसह लिहू द्या. ताई-दादांनी एवढंच करायचं की बरणीत एक तिरकी काडी ठेवायची. काडी नसेल तर अळी कपड्याला चिकटते आणि कपडा काढताना कोष तुटतो.

एक तयारी मात्र हवीच: कधी अळीतून किंवा कोषातून परजीवी (अळीच्या अंगात वाढणारी) माशी किंवा गांधीलमाशीची जात बाहेर येते. झाडावरून मोठी अळी आणली तर ही शक्यता जास्त, अंड्यापासून वाढवली तर कमी. लहान मुलं रडतात, कुणीतरी ती माशी मारायला धावतं. ताई-दादांना हे आधी माहीत असलं पाहिजे, म्हणजे ते बरणी बंद ठेवून ‘हिचंही चित्र काढू या’ म्हणू शकतात.

शाळाबाग
सगळ्यांचे आभार. पट्टी, बाण आणि बाहेरचं पान लगेच सुरू करतो. वेळापत्रक कसं बसवू? मधे गणपतीची सुट्टी येते.

हिरवी फांदी
पावसाळ्यात अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन ते चार आठवडे धरा: अंडं तीन-चार दिवस, अळी दोन-अडीच आठवडे, कोष आठवडाभर किंवा थोडा जास्त. सुट्टीच्या पाच आठवडे आधी अंडी आणा. उशीर झाला तर सुट्टी संपल्यावरच आणा, मधे बरणी कुलूपबंद वर्गात राहायला नको. कोष गडद होऊन आतले पंख दिसू लागले की फुलपाखरू साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येतं. पंख पसरून वाळायला तासभर तरी देऊन, पाऊस नसताना त्याच कढीपत्त्याजवळ सोडा.