शब्दचर्चा: रशियन विनोदी कथांमधील 'आनेक्दोत', 'शूत्का' आणि 'स्मेश्नोय'

प्रश्न

रशियन लिपी आणि प्राथमिक व्याकरण यांची ओळख झाल्यावर विनोदी कथा वाचून अभ्यास पुढे न्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. अशा कथांमध्ये 'आनेक्दोत', 'शूत्का' आणि 'स्मेश्नोय' हे शब्द वारंवार भेटतात. त्यांना अनुक्रमे किस्सा, विनोद आणि विनोदी हे प्रतिशब्द योजावेत असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु संदर्भात ते नेहमी बसत नाहीत. या शब्दांच्या नेमक्या छटा कोणत्या, आणि कोश जवळ ठेवून वाचल्यास विनोद खरोखर कळतो का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

पहिला प्रतिसाद

'आनेक्दोत' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ 'अप्रकाशित' असा आहे. थोरामोठ्यांच्या आयुष्यातील गमतीदार प्रसंग, म्हणजे आपला किस्सा, हा अर्थ रशियनमध्येही एके काळी रूढ होता. आजच्या रशियनमध्ये मात्र 'आनेक्दोत' म्हणजे तोंडोतोंडी फिरणारा, कर्त्याचे नाव नसलेला आणि शेवटच्या वाक्यात उलटणारा चुटका. 'शूत्का' म्हणजे बोलता बोलता केलेली थट्टा. 'व शूत्कु' म्हणजे गमतीने, थट्टेने. 'स्मेश्नोय' हे विशेषण 'स्मेख' म्हणजे हसू या नामापासून आले आहे. ज्याचे हसू येते ते सगळे स्मेश्नोय, मग ते विनोदी असो वा हास्यास्पद. मराठीत आपण ही दोन टोके वेगळी ठेवतो, म्हणून प्रत्येक वेळी संदर्भ पाहावा लागतो: 'स्मेश्नाया त्सेना' ही विनोदी किंमत नव्हे, तर अगदीच किरकोळ किंमत होय.

कोशाविषयीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. माझ्या मते रशियन विनोद पुष्कळदा शब्दाच्या मुळात नसतो, त्याच्या शेपटात, म्हणजे प्रत्ययात, असतो, आणि कोश शेपटांचा अर्थ सांगत नाही. रशियन कथाकार चेखव यांची 1885 मधील 'लोशादिनाया फामीलिया', म्हणजे 'घोड्याचे आडनाव', ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ('फामीलिया' म्हणजे येथे कुटुंब नव्हे, आडनाव, पहिला चकवा शीर्षकातच आहे.) एका निवृत्त जनरलचा दात असह्य दुखत असतो. मंत्र घालून दात बरा करणारा एक माणूस सारातोव शहरात आहे, असे त्याचा कारभारी सांगतो. तार पाठवायची, तर त्या माणसाचे आडनाव कारभाऱ्याला आठवत नाही. ते घोड्याशी संबंधित आहे एवढेच आठवते. मग सारे घर घोड्यावरून आडनावे पाडू लागते. घोडीला 'कोबीला' म्हणतात, म्हणून कोबीलिन. शिंगराच्या शब्दावरून झेरेब्चिकोव. आणि ओघात 'कोबेलेव' निघते, तेव्हा हे कुत्र्याचे झाले, घोड्याचे नव्हे, असे उत्तर मिळते, कारण 'कोबेल' म्हणजे नर कुत्रा. ज्याला कोबीला आणि कोबेल यांतील फरक माहीत नाही, तो या ठिकाणी हसणार नाही. आणि जो एकदा हसला, तो ते दोन शब्द पुन्हा विसरणार नाही.

शेवटी डॉक्टर दात उपटतो आणि परत जाताना कारभाऱ्याकडे ओट, म्हणजे घोड्यांना चारतात ते धान्य, विकत मागतो. तेव्हा कुठे खरे आडनाव आठवते: ओव्सोव. ओट या धान्याला 'ओव्योस' म्हणतात, परंतु षष्ठीत त्याचे 'ओव्सा' होते, मधला स्वर गळतो, आणि आडनाव या रूपावरून सिद्ध होते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण 'कापूस' चे 'कापसाचा' होताना मधला ऊ आपणही असाच सोडतो. नियमांच्या तक्त्यात हा स्वरलोप रूक्ष वाटतो, येथे तो कथेचा कळसच आहे. याखेरीज 'दात मंत्रणे' या अर्थाच्या 'झागोवारिवात झूबी' या वाक्प्रचाराचा रूढ अर्थ 'एखाद्याला बोलण्यात गुंगवून मूळ विषय टाळणे' असा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे. मात्र प्रत्ययांइतकेच लक्ष संबोधनांकडेही द्यावे, अशी पुस्ती जोडतो. त्याच लेखकाच्या 1883 मधील 'तोल्स्ती इ तोन्की' म्हणजे 'जाडा आणि बारीक' या कथेत दोन बालमित्र रेल्वे स्थानकावर भेटतात आणि 'ती', म्हणजे तू, असे म्हणत गळ्यात पडतात. जाड्याचा हुद्दा आपल्यापेक्षा कितीतरी वरचा आहे हे कळताच बारीक माणूस पांढराफटक पडतो, 'वी' म्हणजे आपण या आदरार्थी रूपावर येतो आणि शब्दांना 'स' लावू लागतो. हा 'स' म्हणजे 'सुदार', अर्थात महाशय, या संबोधनाचे उरलेले टोक आहे. ते तो आपल्या हसण्यालाही जोडतो, 'खी-खी-स', आणि कथेचे सारे मर्म त्या एका अक्षरात आहे. तू आणि आपण हा भेद मराठीत जिवंत असल्यामुळे ती लाचारी आपल्याला विनासायास कळते; इंग्रजी अनुवादातून वाचणाऱ्याच्या हाती त्यातले फारसे लागत नाही. बोलताना मात्र हा 'स' वापरू नये. आज तो जुनाट किंवा खोचक वाटतो.

तिसरा प्रतिसाद

सोव्हिएत विनोदी लेखक झोश्चेन्को यांच्या 1920 च्या दशकातील कथांविषयी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. वाक्ये लहान असल्यामुळे त्या नवशिक्यांना सोप्या वाटतात. परंतु त्यांचा निवेदक अर्धवट शिकलेला असून वर्तमानपत्री आणि कचेरीतले शब्द भलत्याच जागी योजतो. विनोद त्या चुकीच्या योजनेतच आहे. शुद्ध भाषा कानात बसण्यापूर्वी त्या वाचल्या, तर चूक हाच नमुना ठरतो, म्हणून त्या मागाहून वाचाव्यात.

पुस्तकाची निवड करताना आघातचिन्हे, म्हणजे शब्दातील कोणत्या स्वरावर जोर द्यायचा ते दाखवणाऱ्या खुणा, छापलेली शालेय आवृत्ती घ्यावी. सामान्य आवृत्त्यांत आघात दाखवत नाहीत, आणि 'यो' या अक्षरावरील दोन टिंबेही बहुधा गाळतात. त्यामुळे 'ओव्योस' हा शब्द छापील पानावर 'ओवेस' असाच दिसतो.