घराला फारच पाडून मागतायत, काय उत्तर द्यावं? (लातूर)

मंडळी, मदत हवी आहे. औसा रोडकडचं वडिलांनी बांधलेलं घर विकायला काढलंय. दीड गुंठा जागा, खाली तीन खोल्या, वर दोन. 62 लाख सांगितलेत, 57 पर्यंत उतरायची तयारी आहे.

परवा एकजण आले. बोटाच्या पेरानं भिंती टकटक वाजवून बघितल्या, जिन्याखालच्या ओलीचा फोटो काढला, दार दक्षिणेला म्हणून तोंड वाकडं केलं. मग, "उन्हाळ्यात बोअर टिकतो का?" 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून लातुरात हा प्रश्न ठरलेलाच. त्याचा राग नाही. पण चहा संपवून म्हणतात, "42 देतो, उद्या इसार." आई उठून आतच गेली.

वर निम्मे रोख देतो म्हणाले. ते मी तिथंच तोडलं. रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरानं, घराची किंमत 51 लाख निघते. 10 टक्क्यांहून जास्त खाली विकलं, तर कर 51 वरच धरतात, आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर बसतो. हे त्यांना सांगावं का?

एजंट म्हणतो, "दादा, नाही म्हणू नका, 60 सांगा." भाऊ म्हणतो, फोनच उचलू नको. दोन महिन्यांत हे तिसरं गिऱ्हाईक, बाकीचे दोघं फिरकलेच नाहीत. इतक्या खालच्या मागणीला उलट आकडा द्यावा, की "आधी तुम्ही वर या" म्हणावं? ओल काढून, रंग देऊन मग दाखवलं तर फरक पडतो का? ज्यांनी हल्ली घर विकलंय त्यांनी सांगा.