शब्दचर्चा: फुलपाखरू नक्कल 'करतं' की नक्कल 'असतं'?

कोशकीटक

उष्ण कटिबंधातल्या फुलपाखरांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. एक जात दुसऱ्या जातीसारखी का आणि कशी दिसू लागते, हा विषय. पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली. वाक्य असं उतरलं: 'हे चविष्ट फुलपाखरू विषारी फुलपाखराची नक्कल करते व पक्ष्यांना फसवते.' व्याकरणात खोट नाही, तरी मला ते धादांत खोटं वाटतंय. ज्याने जन्मात आरसा पाहिला नाही, ते कुणाची नक्कल करणार? 'मिमिक्री' तसंच ठेवावं तर डोळ्यांसमोर मंचावर पुढाऱ्यांचे आवाज काढणारा कलाकार येतो. 'अनुकृती' माहीत आहे, पण तो वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. सुचवा काही.

अर्धविराम

'सोंग' घ्या की. 'मिमिक्री' ज्या ग्रीक 'मीमोस'वरून आली, तो मीमोस म्हणजे सोंगाड्याच. शिवाय सोंगाला मराठीत क्रियापदं तयार आहेत: सोंग घेणं, आणणं, वठवणं, आणि शेवटी सोंग उघडं पडणं. 'अनुकृती'ला 'करणे'शिवाय कोण विचारतं?

दुसरा पर्याय 'तोतया'. भाऊसाहेबांच्या तोतयामुळे हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 'तोतया फुलपाखरू' म्हटलं की शाळकरी पोरालाही कळेल.

पानाआड

तोतया नको. तोतयाचं दुकान चालायला अस्सल माणूस गायब असावा लागतो. पानिपतावरून भाऊसाहेब स्वतः परतले असते, तर तोतया दोन दिवस तरी टिकला असता का? फुलपाखरांत नेमकं उलटं असतं. अस्सल विषारी जात आसपास भरपूर हवी, कारण पक्ष्याला धडा शिकवणारी तीच. ती विरळ झाली आणि त्याच रंगाची चविष्टच जास्त उडू लागली, तर पक्षी शिकतो की हा रंग खायला बरा. मग सगळंच मुसळ केरात.

सोंगाबद्दल माझं मत अजून ठरत नाही. एकदा पाहिलेलं सांगते. कुंडीतल्या लिंबाभोवती एक क्रिमझन रोझ घुटमळत होतं. म्हणजे मला तसं वाटलं. काळे पंख, पुढच्या जोडीवर पांढरे पट्टे, मागच्या जोडीवर लाल ठिपके, आणि कसलीच घाई नसल्यासारखं ते सावकाश उडणं. मग ते एका कोवळ्या पानावर टेकलं, पोटाचं टोक वाकवून मोहरीएवढं पिवळट अंडं चिकटवलं आणि पुढच्या पानाकडे गेलं. तिथे मी चमकले. क्रिमझन रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर वाढतात, त्यांच्या अंगात विष येतं ते त्या वेलातूनच. ती लिंबावर कशाला अंडी घालेल? नीट पाहिलं तर धड काळं कुळकुळीत. क्रिमझन रोझचं धड लाल असतं. ही कॉमन मॉर्मन या बिनविषारी फुलपाखराची मादी होती. पंख हुबेहूब, धडाचा रंग तेवढा राहून गेलेला.

आता हिने सोंग 'घेतलं' म्हणायचं का? सोंग घेणाऱ्याला रात्री घरी जाऊन रंग पुसता येतो. हिला नाही.

अर्धविराम

म्हणजे वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव. गाढव ओरडल्यामुळे पकडलं गेलं, ही अंड्यामुळे.

पानाआड

गाढवाला कातडं दुसऱ्या कुणीतरी पांघरलं होतं, तेवढ्यापुरती गोष्ट जुळते. पण गाढवाची चाल गाढवाचीच राहिली. इथे चालसुद्धा बदललेली असते. आणि हो, गंमत म्हणजे कॉमन मॉर्मनचा नर सगळीकडे आपल्याच रूपात असतो. माद्या मात्र तीन रूपांच्या: एक नरासारखी, एक कॉमन रोझ या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारखी, एक क्रिमझन रोझसारखी. एका नराच्या तीन तऱ्हेच्या बायका पाहून कुणा साहेबाला बहुपत्नीकत्वासाठी प्रसिद्ध असलेला पंथ आठवला आणि हे नाव चिकटलं. नावं ठेवणं म्हणतात ते हेच.

हातचा एक

शब्द शोधण्याआधी 'फसवते' कापा. सगळ्या सारखेपणात फसवणूक नसते. ब्राझीलमध्ये राहिलेल्या फ्रिट्झ म्युलर या निसर्ग-अभ्यासकाने 1878–79 मध्ये एक वेगळाच प्रकार मांडला: दोन्ही जाती विषारी, आणि तरी एकमेकींसारख्या. मग कोण कुणाला फसवतंय?

त्याचं उत्तर गणिती होतं. समजा एका भागात एका जातीची 10,000 फुलपाखरं आहेत, दुसरीची 2,000, आणि तिथले नवशिके पक्षी एक रंग टाळायला शिकेपर्यंत त्या रंगाच्या 1,200 फुलपाखरांचा जीव जातो. दोन जातींचे रंग वेगळे असतील तर प्रत्येकीला 1,200 द्यावी लागतात. मोठीचं निभावतं, छोटीची निम्म्याहून जास्त संपतात. रंग एकच असेल तर 1,200 दोघींत मिळून: मोठीची 1,000, छोटीची 200. याला मराठीत सोंग म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात. दिसण्यापुरतं बोलायचं तर 'गणवेश'. पोलिसासारखा पोशाख घातलेला पोलीस तोतया नसतो.

दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या हेलिकोनियस या फुलपाखरांच्या गटातल्या दोन जाती घ्या, एराटो आणि मेलपोमेनी. दोघींच्या अळ्या कृष्णकमळाच्या जातभाईंवर वाढतात, दोन्ही पक्ष्यांना नकोशा. एका खोऱ्यात दोघींच्या पुढच्या पंखांवर लाल पट्टा, दुसऱ्या खोऱ्यात दोघींच्या मागच्या पंखांवर किरणांसारख्या रेघा. प्रदेश बदलला की दोघी मिळून गणवेश बदलतात.

आणि घाईने 'फसवणारा' ठरवण्यातला धोका: उत्तर अमेरिकेतलं व्हाइसरॉय फुलपाखरू कित्येक दशकं पुस्तकांत विषारी मोनार्क फुलपाखरासारखा दिसणारा चविष्ट ठक म्हणून छापलं जात होतं. 1991 मध्ये पंख काढून नुसती धडं पक्ष्यांना खायला दिली, तेव्हा व्हाइसरॉयही त्यांना जवळजवळ मोनार्कइतकंच बेचव लागलं. इतकी वर्षं 'तोतया' लिहिलं असतं तर अब्रुनुकसानीचा दावा झाला असता.

कोशकीटक

'वर्गणी' आवडलं, उपशीर्षकात घेते. पण मग दोन्ही प्रकारांना मिळून एक शब्द हवाच, लेखात तो पंचवीस वेळा येतो. शिवाय ज्याच्यासारखं दिसायचं त्यालाही शब्द हवा. मी 'आदर्श' लिहिलं होतं आणि स्वतःच खोडलं. 'विषारी आदर्श फुलपाखरू' वाचून हसू येतं. त्यात पहिल्या प्रकारात त्या बिचाऱ्याचं नुकसानच होतं, भामट्यांमुळे त्याच्या रंगाची पत उतरते.

जुना कारकून

बराच वेळ वाचतो आहे, आता राहवत नाही. तुम्ही सगळे 'नक्कल'चा एकच अर्थ धरून बसला आहात, विनोदी कलाकाराचा. माझी नोकरी दप्तरात गेली. तिथे 'नक्कल' म्हणजे दस्तऐवजाची उतरवलेली प्रत. मूळ कागद 'अस्सल', प्रत 'नक्कल'. अर्ज करून मिळते ती नक्कल. या नकलेच्या मनात काहीही नसतं. ती कुणाला फसवत नाही, कुणाला हसवत नाही. ती फक्त अस्सलासारखी असते.

म्हणून भांडण नामाशी नाहीच, क्रियापदाशी आहे. 'नक्कल करते' म्हटलं की कर्ता येतो, हेतू येतो. 'नक्कल आहे' म्हणा. कोशकीटकताईंच्या दोन्ही शब्दांची सोय एका जोडीत झाली: अस्सल आणि नक्कल.

पानाआड

कारकूनकाका, नमस्कार घ्या. पण नक्कल आपोआप उतरत नाही, नकलनवीस लागतो. इथे तो कोण?

जुना कारकून

माझ्या समजुतीप्रमाणे लिहिणारा कुणीच नाही, तपासणारा आहे. पिढीगणिक पंखांत बारीकसारीक फरक पडत राहतात, कुठे ठिपका मोठा, कुठे पट्टा फिका. अस्सलाशी न जुळणारी प्रत पक्षी खाऊन टाकतो, जुळणारी पुढे जाते. मुद्रितशोधक समजा, फक्त हा चूक दुरुस्त करत नाही, पानच गिळतो. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक 1848 ला ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि 11 वर्षं राहिला. त्याला जाळ्यात अशी फुलपाखरं सापडत, जी हातात घेऊन पाय-शिरा तपासेपर्यंत कळत नसे की ही आपल्या साध्या पांढऱ्या-पिवळ्यांच्या कुळातली आहेत. आणि अस्सल जात जिथे थोडी वेगळी दिसे, तिथली नक्कलही तशीच वेगळी. 1862 मध्ये त्याने हे छापलं, डार्विनचा ग्रंथ येऊन तीन वर्षं झाली होती. नैसर्गिक निवडीचा इतका उघड पुरावा तोवर कुणी दाखवला नव्हता, असं माझं मत. डार्विनही खूश झाला होता.

अर्धविराम

मी सोंग मागे घेतो. (सोंग मागे घेता येतं, हा त्याचा फायदा नोंदवून ठेवा.)

पण हातच्या एकला विचारतो: म्युलरच्या प्रकारात अस्सल कोण? दोन्ही अस्सल असतील तर कारकूनकाकांची जोडी तिथे मोडते.

हातचा एक

मोडते. तिथे 'समरूप' म्हणा आणि पुढे चला. एक शब्द सगळीकडे बसवायचा हट्ट इंग्रजीनेही धरला आणि पस्तावली. तिकडे दोन्ही प्रकारांमागे बेट्सचं आणि म्युलरचं नाव जोडून वेळ मारून नेतात.

मात्र हेलिकोनियसमध्ये एके ठिकाणी 'नक्कल' शब्दशः खरी आहे. 2012 मध्ये जनुकसंच वाचल्यावर दिसलं की काही जवळच्या जातींनी पंखांच्या नक्षीचे जनुक संकरातून एकमेकींकडून घेतले आहेत. नवी नक्षी घडवलीच नाही, शेजारणीची तयार प्रत आणली. उसनवारी, आणि परत न करण्याची.

कोशकीटक

जनुकांवरून आठवलं, 'सुपरजीन'ला काय लिहू? 'महाजनुक' वाचून अंगाला पीळ पडलेला पैलवान आठवतो. पंखांचा रंग, ठिपके, आकार हे सगळं एका गठ्ठ्याने वारशात येतं, मधेच फुटत नाही, असा अर्थ आहे. 'जनुकांचा जुडगा' कसा वाटतो? किल्ल्यांच्या जुडग्यासारखा.

पानाआड

शब्द झकास, पण कुठे वापरता ते पाहा. हेलिकोनियस नुमाटा या जातीत तो खरोखर जुडगा आहे. गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यामुळे तिथले बरेच जनुक एकत्र बांधले गेलेत. कॉमन मॉर्मनबद्दलही आधी तसंच वाटत होतं. पण 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथे सगळी सूत्रं हलवणारा मुख्यतः एकच जनुक आहे, डबलसेक्स. कीटकाच्या शरीराला नर की मादी हे सांगण्याचं मूळ काम त्याचंच. म्हणून नकलेचा कारभार फक्त माद्यांत चालतो, नर तसाच राहतो. माझ्या लिंबावरच्या बाईंचं सगळं रहस्य एका किल्लीत निघालं. एका किल्लीला जुडगा म्हणू नका.

कोशकीटक

मग नुमाटाला 'जुडगा', मॉर्मनला नुसतं 'सुपरजीन' ठेवते आणि वाक्यात समजावते. पहिलं वाक्य आता असं झालं:

'हे फुलपाखरू एका विषारी फुलपाखराची नक्कल आहे, आणि ती पक्ष्यांनी उतरवली आहे.'

जुना कारकून

'उतरवली' नको. उतरवतो तो लेखनिक. पक्षी नुसता खोडतो. 'पक्ष्यांच्या नजरेखाली पिढ्यानपिढ्या उतरत गेली' असं करा. अकर्मक.

कोशकीटक

'उतरत गेली'. घेतलं. पुढच्या परिच्छेदात फुलपाखरू कोशातून 'जन्माला येते' असं लिहून बसले आहे. अळी तर आधीच जन्मली होती. कुणी जागं आहे का?