भिरभिरं अडकतंय त्याबद्दल

ताई, संक्रांतीच्या वाणाच्या कागदी पिशवीवरचं भिरभिरं अडकतं म्हणालात, आणि पिशवी बंद करायला चुंबक लावू का, असंही विचारलंत. दोन पायांची पितळी पिन घट्ट दुमडली की तसंच होणार. भोक किंचित मोठं करा, मध्ये एक मणी ओवा. आतून पिनेच्या पायांवर कागदाची चकती चिकटवा, नाहीतर आतल्या ब्लाऊजपीसचे धागे निघालेच म्हणून समजा! कागद २५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा घ्या, पातळ असला तर पिनेपाशी फाटतो. इंदुरात खजुरी बाजारात बघा.

चुंबक कशाला, उगाच खर्च. भिरभिरं झाकणावर न लावता पिशवीवरच लावा, दोनच पात्यांचं. झाकणाला उभी चीर द्या. पाती उभी केली की झाकण त्यावरून सरकतं, आडवी फिरवली की पिशवी बंद.