ग्रुपचा एमएमएन (मिसमॅच निगेटिव्हिटी, सारख्या आवाजात वेगळा आवाज आला की मेंदूत उठणारी लाट) झकास येतो, एकेकाचा उघडला की नुसता गोंधळ

बीपबहाद्दर: ईईजीवर (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूची वीज मोजतात ते) ऑडबॉल चालवतोय, म्हणजे १००० हर्ट्झचा बीप सारखा वाजत राहतो, मधेच १२००चा टपकतो, लोक आवाज बंद केलेला पिक्चर बघत बसतात. सगळ्यांचं अ‍ॅव्हरेज काढलं की एफझेडवर (डोक्याच्या पुढच्या भागात मधोमधचा इलेक्ट्रोड) १५०-२०० मिलिसेकंदाला मस्त निगेटिव्ह लाट येते, पण एकेकाचा ग्राफ उघडला तर काहींचं काहीच दिसत नाही. मग त्यांच्या मेंदूला फरक कळलाच नाही असं धरायचं का?

जुनी_तार: नाही रे बाबा. डेव्हियंट (मधेच टपकणारे वेगळे बीप) किती उरतात ते सांग आधी.

बीपबहाद्दर: पापण्या मिचकावलेले काढून ८०-९०.

जुनी_तार: तिथेच घोळ आहे. एमएमएन असतो मोजक्या मायक्रोव्होल्टचा, आणि डोळे पेंगुळले की अल्फा (मेंदूची आपली आपण चालणारी लय) त्याच्या कितीतरी पट उसळतो. नॉइज ट्रायल्सच्या (एकेकदा वाजवलेल्या बीपच्या) संख्येच्या वर्गमूळाने कमी होतो, म्हणजे निम्मा करायचा तर चौपट ट्रायल्स लागणार. ग्रुपमध्ये बाकीच्यांचे ट्रायल्स तुला वाचवतात, एकट्याला कोण वाचवणार?

शांतताप्रेमी: पण नुसतं सेशन लांबवू नकोस, माणूस झोपतो. एमएमएनवर काम करणाऱ्या नातानेन मंडळींनी २००४ मध्ये मल्टी-फीचर पद्धत काढली ना, एक साधा आवाज, एक बदललेला, असं आलटून पालटून, बदल कधी पिचचा, कधी लांबीचा, कधी दिशेचा, १५ मिनिटांत पाच प्रकार उरकतात. आणि एक ब्लॉक उलटा पण चालव, १२०० सारखा आणि १००० क्वचित. मग १२००ची तुलना १२००शीच कर, नाहीतर दोन वेगळ्या आवाजांच्या एन१ (कुठल्याही आवाजाला साधारण १०० मिलिसेकंदाला येणारी लाट) मधला फरकच तू एमएमएन म्हणून मोजशील.

जुनी_तार: +१. आणि डोळ्यांनी ठरवू नकोस, त्या माणसाच्याच ट्रायल्सवर परम्युटेशन टेस्ट (ट्रायल्सची लेबलं पुन्हा पुन्हा अदलाबदल करून फरक योगायोगाचा आहे का ते बघणं) लाव. एमएमएन नाही आला तरी "नाहीये" म्हणू नको, ठणठणीत माणसांतही कधी कधी सापडत नाही. कोमातल्या पेशंटमध्ये पण तेच, दिसला तर चांगली खूण, नाही दिसला तर त्यावरून आशा सोडायची नसते.

बीपबहाद्दर: मॅस्टॉइडवर (कानामागच्या हाडावर) लाट उलटी व्हायला हवी म्हणतात, माझ्याकडे कोणाचीच होत नाही, ते का?

शांतताप्रेमी: रेफरन्स (ज्याला शून्य धरून बाकीचे इलेक्ट्रोड मोजतोस तो) कुठला घेतलायस?

बीपबहाद्दर: दोन्ही मॅस्टॉइड 😅

शांतताप्रेमी: मग तिथे उलटी काय, सरळ पण दिसणार नाही, तोच तुझा शून्य आहे. नाकावर इलेक्ट्रोड असेल तर त्यावर रि-रेफरन्स कर, नसेल आणि चॅनेल भरपूर असतील तर अ‍ॅव्हरेज रेफरन्स (सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी शून्य धरणं) लावून बघ.