कॉलेजच्या स्टाफसाठी मूडलचे व्हिडिओ बनवायचे आहेत, अनुभव हवेत

वाशी_केमिस्ट्री

नमस्कार मंडळी. मी वाशीच्या एका सीनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. यंदा आमच्याकडे मूडल (कोर्स, असाइनमेंट, मार्क सगळं ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर) सुरू झालंय आणि स्टाफला ते शिकवण्याचं काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिलंय. याआधी बाहेरच्या एका संस्थेने कार्यशाळा घेतली होती. तिचं रेकॉर्डिंग ग्रुपवर पडून आहे, दीड-दीड तासाचे भाग, सगळं इंग्रजीत. कुणी उघडत नाही आणि मला त्यात कुणाचा दोष दिसत नाही. इंटर्नलचे मार्क भरायची मुदत उद्या संपत असेल तर माणसाला फक्त मार्क कुठे भरायचे तेवढं हवं असतं. दीड तासात ते शोधत कोण बसणार?

म्हणून व्हिडिओ आपणच करायचे असं ठरवलंय. आमच्याकडे कॉम्प्युटर सायन्सचे तरुण लेक्चरर आहेत, त्यांची चिंता नाही. पण मराठी, इतिहास, कॉमर्सचे ज्येष्ठ प्राध्यापकही आहेत, ज्यांनी आयुष्यभर खडू-फळ्यावर उत्तम शिकवलं. त्यांना कमीपणा वाटेल असं काही माझ्या हातून व्हायला नको. व्हिडिओ किती लांब ठेवावेत? मराठीत की इंग्रजीत? आणि पाहिला म्हणजे आलं, हे कशावरून धरायचं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ऐरोली_लॅब

मॅडम, सगळंच नव्याने करायला जाऊ नका. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आधी बघा. लिबरऑफिस, लेटेक, पायथन असे बरेच विषय आहेत, एकेक भाग साधारण दहा मिनिटांचा, फुकट, आणि बऱ्याच भागांना मराठी आवाज आहे. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीच राहतं, समजावणं मराठीत. शेजारी शिकवणारा नसतानाही एकट्याने शिकता यावं अशीच त्यांची रचना आहे: अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. थांबवायचं, स्वतः करायचं, मग पुढे जायचं. तुमच्या स्टाफला आधी ही सवय लावा.

लांबीचं म्हणाल तर २०१४ साली फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक सर्वात जास्त टिकून बघतात असं त्यात दिसलं. तो अभ्यास ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांचा होता, पण दोन तासिकांच्या मधल्या वेळेत स्टाफरूममध्ये बसलेल्या प्राध्यापकाला तो जास्तच लागू पडेल.

ठाणे_मराठी_विभाग

लांबीबद्दल सरांशी सहमत. पण "नव्याने करू नका" हे मूडलपुरतं तरी मला पटत नाही. आपल्या लोकांचं घोडं जिथे अडतं ती जागा तयार व्हिडिओत नसतेच.

मी मराठी शिकवते आणि नौपाड्यातल्या आमच्या कॉलेजात स्टाफसाठी व्हिडिओ करते, म्हणून माझ्याच विभागातलं सांगते. आमच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या. दिसायला देवनागरी, पण आत रोमन अक्षरांचे कोड. तो मजकूर मूडलमध्ये पेस्ट केला की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो. आमच्या एका ज्येष्ठ मॅडमना वाटलं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं. त्या लॅपटॉप बंद करून उठल्याच. बिघडलं काहीच नव्हतं. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे देवनागरीच दिसेल अशा कोडमध्ये, आणायचा आणि मग रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं नजरेखालून घालायची, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ हाच आहे.

दुसरी जागा प्रश्नसंचाची. बहुपर्यायी प्रश्न एकेक करून भरण्याऐवजी एकन नावाच्या साध्या फॉरमॅटमध्ये टेक्स्ट फाइल करून एकदम चढवता येतात. मराठी प्रश्न खुशाल चालतात, मराठी पर्यायही. पण पर्यायांपुढे अ, ब, क, ड लिहिलं तर फाइल घेत नाही. तिथे रोमन मोठी अक्षरंच लागतात, त्यांच्यापुढे टिंब किंवा कंस. शेवटच्या ओळीत 'आन्सर' हा शब्दही रोमन कॅपिटलमध्ये, मग कोलन आणि बरोबर पर्यायाचं अक्षर. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं. एवढं साडेचार मिनिटांत दाखवता येतं, आणि मराठी माणसाने मराठी प्रश्न घेऊनच ते दाखवायला हवं.

आवाज कॉलेजात बोलतो तसाच ठेवा. "वर उजव्या कोपऱ्यात एडिट मोड आहे, तो चालू करा." बटणाचं नाव स्क्रीनवर जसं आहे तसंच उच्चारा. त्याचं शुद्ध मराठी केलंत तर माणूस ते शब्द शोधत बसतो.

आता रेकॉर्डिंग. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. मात्र अॅडमिनच्या लॉगिनने कधीही रेकॉर्ड करू नका. अॅडमिनला जे मेनू दिसतात ते साध्या शिक्षकाला दिसतच नाहीत आणि मग "माझ्याकडे हे नाहीच" असे फोन सुरू होतात. शिक्षकाचं लॉगिन घ्या, सरावाचा वेगळा कोर्स उघडा आणि त्यात काल्पनिक विद्यार्थी टाका. खऱ्या मुलांची नावं आणि मार्क व्हिडिओत जाता कामा नयेत, याबाबत मी फार आग्रही आहे. ब्राउझर झूम करून अक्षरं मोठी ठेवा, कारण बरेच जण मोबाइलवर बघणार.

एका व्हिडिओत एकच काम. "ग्रेडबुकची ओळख" असं नाव देऊ नका, "इंटर्नलचे मार्क भरणे" असं द्या. छोट्या तुकड्यांचा आणखी एक मोठा फायदा आहे. २०२२ मध्ये मूडल ४.० आलं तेव्हा मेनूंची मांडणीच बदलली आणि ३ च्या काळातले लांबलचक व्हिडिओ एकदम निरुपयोगी झाले. तुकडे असतील तर बदललं तेवढंच पुन्हा रेकॉर्ड करायचं.

"आलं का" हे बघायला परीक्षा घेऊ नका, ज्येष्ठांची तर अजिबात नको. नाहीतरी करायचंच असलेलं काम द्या: स्वतःच्या कोर्समध्ये या आठवड्याची असाइनमेंट लावा. लागली म्हणजे आलं. आणि आठवड्यातला एक ठरलेला तास लॅबमध्ये शेजारी बसायला कुणीतरी हवंच. व्हिडिओने प्रश्न कमी होतात, संपत नाहीत.

कळवा_इतिहास

मी तुमच्या त्या "ज्येष्ठ" गटातला, म्हणून बाजू मांडतो. निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत. व्हिडिओची सगळ्यात मोठी मदत म्हणजे तो मागे नेता येतो आणि कुणी "सर, आत्ताच तर सांगितलं" म्हणत नाही. कार्यशाळेत पुढचा तरुण शिक्षक भराभर क्लिक करत जातो, आपण दुसऱ्या पायरीवर असतो आणि हात वर करायचा संकोच वाटतो. तीस वर्षं ज्याने वर्गाला उत्तरं दिली त्याला सगळ्यांसमोर "मला दिसत नाहीये" म्हणणं जड जातं.

मी ठाणे-वाशी लोकलमध्ये एकदा नुसता बघून घेतो, मग घरी लॅपटॉपशेजारी फोन उभा करून एकेक पायरी करतो. मॅडम, एक विनंती. माउसचा बाण मोठा ठेवा आणि क्लिक करण्याआधी क्षणभर थांबा. शिकवणाऱ्याचा हात सवयीने इतका पटकन जातो की डोळा पोहोचेपर्यंत पान बदललेलं असतं.

टायपिंगसाठी विंडोजमध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. मला हे माझ्या विद्यार्थिनीने दाखवलं. तुमच्या यादीत हा व्हिडिओ पहिला ठेवा. मराठीत टाइप करता येत नसेल तर आमच्यासारख्यांना पुढचं सगळं बंद आहे.

वाशी_केमिस्ट्री

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचं क्षणभर थांबण्याचं लक्षात ठेवते. आता एकच प्रश्न उरतो, वेळेचा. माझी लेक्चर्स आणि प्रॅक्टिकल तशीच आहेत. पाच मिनिटांच्या व्हिडिओला प्रत्यक्षात किती वेळ जातो?

ठाणे_मराठी_विभाग

बोलायचं आधी लिहून काढलंत तर दुपार पुरते, नाहीतर दिवस जातो. प्रत्येक क्लिकपुढे काय बोलणार ते वाक्य लिहा, मगच रेकॉर्डिंगला बसा.

आणि काम सुरू करण्याआधी प्राचार्यांकडून वर्कलोडमधल्या तासिका लेखी सोडवून घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत शिक्षकाच्या मूल्यमापनात ई-कंटेंटला गुण आहेत, पण ते विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमासाठी केलेल्या साहित्याला. सहकाऱ्यांसाठी केलेलं त्यात बसेल असं गृहीत धरू नका. तोंडी "बघू" म्हणाले तर दुसऱ्या दिवशी मेल टाका. सरावाच्या कोर्सचा साचा हवा असेल तर निरोप करा, माझ्याकडचा बॅकअप पाठवते. त्यात काल्पनिक विद्यार्थी आधीच भरलेले आहेत.